पिराप्पा कुरणाच्या राखणीला

पिराप्पा हाटकर गवताचा चोर होता आणि ही गोष्ट त्यानं कधी लपवली नाही. मी उदगीरकडून लग्न होऊन या गावात आले त्याच आठवड्यात तो आमच्या ओसरीपुढं घोंगडी टाकून बसला होता. माझ्या सासऱ्यांना, बंडेप्पांना, हातवारे करून सांगत होता, "अप्पा, आज पहाटं जागीरदाराच्या कुरणात अशी चराई झाली, अशी झाली, मेंढ्यास्नी चालता यीना!" मामंजी गावचे मोठे शेतकरी. त्यांनी डोळे वटारले, पण मिशीत हसलेच.

गाव मंठाळच्या अलीकडं, लाल मुरमाच्या माळाला टेकलेलं. माळाचा सगळ्यात चांगला भाग म्हणजे ते कुरण. मधून ओढा, दोन्ही अंगांना पवन्या आणि मारवेल गवत कंबरेएवढं. भोवती खंदक, बोराटीचं कुंपण, एक फाटक आणि फाटकावर शिपाई. जागीरदार हैदराबादला राहायचे, त्यांनी कुरण कधी पाहिलं होतं की नाही कोण जाणे. थोडं गवत गाड्या भरून जायचं, बाकीचं उभ्या उभ्या वाळायचं. कुंपणाबाहेर गावाच्या मेंढ्या दगड हुंगत फिरायच्या.

पिराप्पा मेंढ्यांच्या गळ्यातल्या घंटांत चिंध्या कोंबायचा आणि त्याला ठाऊक असलेल्या एका खिंडारातून कळप आत घालायचा. त्याची शीळ अशी बारीक, की शिपायाला पाखरू वाटावं. एकदाच सापडला. शिपायांनी मेंढ्या कोंडवाड्यात घातल्या, पाणीसुद्धा दाखवलं नाही. दोन कोकरं तिथंच मेली. ती गोष्ट निघाली की मात्र पिराप्पा हसायचा नाही.

पोलीस ॲक्शनच्या दुसऱ्या वर्षी जागिरी मोडल्या. कुरण सरकारजमा झालं, शिपाई वळकटी उचलून निघून गेले. त्या सकाळी पिराप्पा धापा टाकत आमच्या दारात आला.

"अक्का, अप्पा कुठं हैत? फाटक उघडं हाय! सताड उघडं!"

मी परातीतल्या पिठाचे हात तसेच घेऊन बाहेर आले. तोवर हाटकर धनगरांचे ढोल वाजायलाही लागले होते. पिराप्पा आयुष्यात पहिल्यांदा मोठ्या फाटकातून आत गेला. घंटांतल्या चिंध्या त्यानं काढून फेकल्या होत्या. मागं त्याची बायको अनसाबाई, तिचा भाऊ शिवाप्पा आणि त्याचा कळप. गावात सगळ्यांत मोठा कळप शिवाप्पाचाच. त्यांच्यामागं गाई, म्हशी, बैल, शेळ्या. "बिरोबाच्या नावानं चांगभलं!" असा गजर उठला आणि भंडारा उधळला. त्या दिवशी अख्खं गाव पिवळं झालं होतं. मीसुद्धा पदर खोचून बघायला गेले होते, सासूबाई हाका मारत राहिल्या तरी.

तो आनंद दसऱ्यापर्यंत टिकला.

कुणाचाही दोष काढता येणार नाही. फाटक सगळ्यांना उघडं होतं. आज आपण जनावर आवरलं तर उद्या दुसऱ्याचं तेच गवत खाणार, मग आपण कशाला आवरायचं? शेजारच्या गावांची गुरं आली. पिराप्पानं स्वतः सोयऱ्यांचे कळप बोलावून आणले. गवताला बी धरायला सवड मिळाली नाही. कुंपणाची बोराटी चुलीत गेली. संक्रांतीला माळावर धुळीच्या वावटळी उठायला लागल्या. जागीरदाराच्या काळात चोरून जेवढा चारा मिळायचा, तेवढाही आता उघड्या फाटकातून मिळेना. पिराप्पाच्या मेंढ्यांच्या बरगड्या दिसू लागल्या. शेवटी कळप घेऊन तो आळंदच्या बाजूला, पार मादन हिप्परग्याकडं निघून गेला. तिकडचे शेतकरी रात्री मेंढ्या रानात बसवून घेत. लेंड्यांचं खत रानाला मिळे आणि त्याच्या बदल्यात ते धनगराला जवारी देत. त्यावर पिराप्पानं उन्हाळा काढला.

वैशाखात तो परतला तेव्हा गावात नवीनच गलबला चालला होता. तालुक्याच्या गावचे अंकुशराव यांनी कुरण नांगराखाली मागितलं होतं. त्याची चौकशी करायला गिरदावर, म्हणजे महसुलाचे साहेब, चावडीवर आले.

अंकुशराव वाईट माणूस नव्हता. तो उभा राहून सरळ बोलला. "तुमीच बगितलाव की. कुणाचंच न्हाई म्हटल्यावर कुरणाचं काय झालं? ज्याची त्याची जमीन असली तर जो तो जपतो. जागीरदाराचं होतं तवा गवत होतं का न्हाई?"

त्याचं बोलणं खरंच होतं. तेवढ्यात मागून पिराप्पा उठला.

"होतं की! कंबरंएवढं होतं. पर मी ते चोरत होतो, सायेब."

चावडीत हशा पिकला. गिरदावरांनाही हसू आवरेना. पिराप्पा पुढं आला. "हसू नका. एका मालकाचं झालं की मी पुन्ना चोर व्हणार. ही आमची गंगव्वा बी चोर व्हणार. न्हाईतर हिच्या शेळ्यांनी काय खायाचं? आन् मागल्या साली कुणाचंच नव्हतं, तर मी लुटारू झालो. मला दोन्ही नगं. गावाचं करा. पर गावाचं म्हंजी नियमाचं!"

"नियम कोण पाळणार?" गिरदावरांनी विचारलं. "आणि राखण कोण करणार?"

मामंजी इतका वेळ पान चघळत बसले होते. ते म्हणाले, "ह्योच करंल. कुरणाची खिंडारं ह्याच्यापरीस कुणाला ठाव हैत?"

पुन्हा हशा. पण हसता हसता लोकांच्या लक्षात आलं की मामंजी चेष्टा करत नाहीत.

मग जे भांडण लागलं ते दिवे लागायची वेळ झाली तरी मिटेना. ओढ्याच्या अलीकडं पावसाळ्यात चरायचं, पलीकडचं अंग शिमग्यापर्यंत राखायचं, पुढच्या साली उलटं करायचं. एवढं लवकर ठरलं. घोडं अडलं ते गंगव्वापाशी. गंगव्वा विधवा, पदरी दोन शेळ्या आणि माळाच्या कडेला एक हलकं वावर. ती कमरेवर हात ठेवून शिवाप्पापुढं उभी राहिली.

"तुझा एवढा कळप आन् माझ्या दोन शेळ्या. राखण दोगांनी सारखी करायची, आन् खाताना तू सगळं खाणार व्हय?"

शिवाप्पा तापला. "मग काय मेंढ्या इकू?"

पिराप्पा दोघांच्या मधे घुसला. त्याचे डोळे चमकायला लागले होते. हिप्परग्याची रानं त्याला आठवली होती. "इकू नकोस! पेरणीच्या आदी तुझ्या मेंढ्या हिच्या वावरात बसीव. बदल्यात जवारी न्हाई घ्यायाची, काय न्हाई घ्यायाचं. ज्याचा कळप मोठा, त्यानं थोड्या जनावरावाल्यांच्या रानात बसवायचा. गवत तुला, खत तिला!"

मग गंगव्वा म्हणाली, "हे पटतंय." आणि एकदम सगळेच बोलायला लागले: माझ्या रानात कधी, त्याच्या रानात कधी. शिवाप्पा पुटपुटला, पण मान हलवलीच.

गिरदावरांनी जाताना बजावलं, "एक पावसाळा, एक हिवाळा देतो. पुढच्या वेळी येईन तेव्हा माळ उघडा दिसला, तर नांगर लागेल." अंकुशराव घोड्यावर बसताना पिराप्पाला म्हणाला, "बगू तुझी राखण."

पिराप्पानं राखण अशी केली की त्याचं त्यालाच नवल वाटावं. खिंडारं त्यानं आपल्या हातानं बोराटीनं बुजवली. एक कुत्रं, एक काठी आणि तीच बारीक शीळ. पाऊस बरा झाला. पलीकडच्या अंगाला गवत गुडघ्याला आलं, मग मांडीला. रोज संध्याकाळी तो आमच्या ओसरीवर येऊन हातानं उंची दाखवायचा. "अक्का, आज हितवर! बगायला या एकदा!"

आणि मग श्रावणात एका सकाळी शिवाप्पाचा कळप राखलेल्या अंगात शिरलेला सापडला.

शिवाप्पानं ठरवून केलं होतं. मेहुणाच राखणीला, तो काय करणार? पिराप्पा आरोळी ठोकत पळत सुटला. शिवाप्पा आधी हसला, "दाजी, घटकाभर चरू द्या की!" मग त्याच्या लक्षात आलं की दाजी थांबत नाहीत. कळप पुढं, पिराप्पा मागं, शिवाप्पा त्याच्या मागं, अशी वरात गावाच्या मधून कोंडवाड्याकडं निघाली. बायका दारात आल्या. पिराप्पानं मेंढ्या आत घातल्या, कडी लावली आणि आधी काय केलं असेल? घागर भरून आणली आणि हौदात पाणी ओतलं. दुसरी आणली, तिसरी आणली. पाणी ओतताना त्याचे डोळे भरून आले होते. मी तिथंच उभी होते.

अनसाबाईला कळलं तशी ती तरातरा आली.

"माझ्या भावाच्या मेंढ्या कोंडल्याव? तुमी?"

"राखलेल्या अंगात होत्या."

"त्यानं बहीण दिलीया तुमाला!"

"मग कामून आला त्यो तिथं?" पिराप्पा ओरडला. "दुसऱ्याच्या मेंढ्या कोंडल्या असत्या आन् ह्याच्या सोडल्या असत्या, तर गावानं मला काय म्हटलं असतं? उद्या कोण ऐकंल माझं?"

अनसाबाईनं त्याच्याकडं एकटक बघितलं. "बरं. मग तुमच्या सोताच्या मेंढ्या कुठं चरायलेत ते आता मी बगते."

मेंढ्या संध्याकाळी सुटल्या, पण शिवाप्पाचा कळप ठरल्यापेक्षा जास्त रात्री गंगव्वाच्या वावरात बसवायचा, असं गावानं सांगितलं. शिवाप्पानं मेहुण्याशी बोलणं टाकलं. आणि अनसाबाईनं शब्द खरा केला. दिवसभर ती डोक्यावर घोंगडी घेऊन माळावर फिरायला लागली. पिराप्पा लोकांवर नजर ठेवी आणि ती पिराप्पाच्या कळपावर.

पोळ्याच्या आधी तिला सापडलं. पिराप्पा दुसऱ्या टोकाला कुणाच्या तरी म्हशी हाकत होता, तेवढ्यात त्याच्याच चार-सहा मेंढ्या ओढा ओलांडून पलीकडं गेल्या. अनसाबाईनं त्या धरल्या आणि गावातून वाजतगाजत नेल्या. वाजतगाजत म्हणजे खरंच. वाटेत एका पोराच्या हातची हलगी हिसकावून तिनं ती स्वतः बडवली. "बगा गं बगा, राखण्याच्या मेंढ्या! बगा!" पिराप्पा धावत आला तेव्हा कोंडवाड्याची कडी लागली होती आणि अनसाबाई पाण्याची घागर घेऊन आत उभी होती.

सारं गाव पोट धरून हसत होतं. पिराप्पाही हसायला लागला, इतका की त्याला खाली बसावं लागलं. आणि गर्दीत मागं उभा असलेला शिवाप्पा हसला. कितीतरी दिवसांनी तो पुढं येऊन म्हणाला, "दाजी, आता तुमच्या मेंढ्या बी गंगव्वाच्या वावरात!" गंगव्वा म्हणाली, "येऊ द्या, येऊ द्या! माझी जवारी आभाळाला लागंल!"

त्यानंतर कुणी मुद्दाम जनावर घातलं नाही. चुकून गेलं तर मालकच आधी ओरडत यायचा.

माघ संपत आला. पलीकडच्या अंगाला सोन्यासारखं वाळलेलं गवत उभं होतं, उन्हाळ्याचा सगळा आधार. शिमगा तोंडावर आला होता आणि गिरदावर कधीही येतील अशी बोलवा होती. भर दुपारी मी गच्चीवर तूरडाळ वाळत घालत होते. माळाच्या वरच्या अंगाला धूर दिसला. आधी बारीक, मग एकदम जाड. कुणा वाटसरूनं चिलीम झाडली असावी.

जागीरदाराच्या काळात कुरणाला एकदा आग लागली होती, तेव्हा गाव पारावर बसून बघत होतं, असं सासूबाई सांगायच्या. "जळू दे, आपलं काय जातंय," म्हणायचे लोक. त्या दिवशी मी गच्चीवरून ओरडले, "कुरण पेटलंय!" आणि जिना उतरेपर्यंत गल्ली माणसांनी भरली होती. मामंजी धोतर सावरत पळत होते. माझे मालक बैलगाडीवर पाण्याची पिंपं चढवत होते. सासूबाई म्हणाल्या, "उबी कामून राहिलीस? घोंगडं घे!" आमच्या घरच्या सुनेला तोवर कुणी आपणहून वेशीबाहेर धाडलं नव्हतं. मी घोंगडं घेतलं आणि पळाले.

वारा सुटला होता. जाळ तडतडत पुढं सरकत होता, वर पाखरं ओरडत फिरत होती. सगळ्यांच्या पुढं कोण होतं? शिवाप्पा! ओला पटका हातात गुंडाळून तो जाळावर मारत होता. त्याच्या मिशा होरपळल्या होत्या. आणि पिराप्पा लांब उभा राहून घसा फोडत होता, "जाळाच्या मागं पळू नका! पुढं या! हितनं खडकापतुर गवत कापा! पट्टा पाडा!"

लोक विळे घेऊन तुटून पडले. जे गवत वर्षभर राखलं, तेच मुठी मुठींनी कापून मागं फेकायचं. गंगव्वा रडत रडत कापत होती. आम्ही बायका ओढ्यात घोंगड्या बुचकळून आणायचो आणि ठिणगी पडेल तिथं टाकायचो. धुरानं काही दिसेना. अनसाबाईचा आवाज तेवढा यायचा, "हिकडं! आता हिकडं!" जाळ पट्ट्यापाशी आला, उसळला, आमच्या तोंडावर धग आली. ओल्या घोंगड्यांची भिंत करून आम्ही उभ्या राहिलो. आणि जाळ खाली बसला. पुढं खायला काही नव्हतं. ओढ्याच्या अलीकडं तर आधीच चरून झालेलं होतं, तिथं जाळ जाऊच शकत नव्हता.

कुणीतरी "चांगभलं!" म्हटलं आणि सगळा माळ ओरडला. काळ्या तोंडांनी माणसं एकमेकांना मिठ्या मारत होती. पिराप्पानं शिवाप्पाचा भाजलेला हात ओढ्याच्या पाण्यात धरून ठेवला होता.

राखलेल्या गवताचा तिसरा हिस्सा गेला होता. उरलेलं सगळ्यांना पुरणार नव्हतं. दुसऱ्या दिवशी चावडीवर पुन्हा भांडण होणार असं वाटून मी कान देऊन बसले. पण शिवाप्पा हाताला चिंधी बांधून आला आणि उभ्याउभ्याच म्हणाला, "खाणारा कळप माझा. मी हिप्परग्याकडं जातो. गंगव्वाच्या दोन शेळ्या तितवर चालत जाणार हैत व्हय?"

"मी बी येतो," पिराप्पा म्हणाला. "राखण अनसा करंल." कुणी नाही म्हटलं नाही.

दोन्ही कळप ढोल वाजवत गेले आणि पंधरवड्यातच गिरदावर आले. अनसाबाईनं त्यांना माळभर हिंडवलं. काळं पडलेलं रान दाखवलं, उभं गवत दाखवलं, बुजवलेली खिंडारं दाखवली. शेवटी गंगव्वाच्या वावरात नेऊन जवारीची धाटं दाखवली, तिच्या उंचीच्या वर गेलेली. गिरदावरांनी खूप वेळ प्रश्न विचारले. मग सांगितलं: कुरण गायरान राहील, राखण गावाची. फक्त खालचा काळ्या मातीचा कोपरा अंकुशरावांना कसायला मिळेल.

माझी मावशी मादन हिप्परग्याला दिलेली. तिच्या घरी कार्य होतं, त्या निमित्तानं आमची गाडी तिकडं निघाली. अनसाबाई राखण गंगव्वावर सोपवून, गाठोडं घेऊन गाडीत येऊन बसली. वाटभर तिनं बैलांना घाई केली. हिप्परग्याच्या शिवारात काळ्या मेंढ्या दिसल्या तशी ती चालत्या गाडीतून उतरली.

"कुरण गावाचं झालं! ऐकायलाव का? गावाचं!"

पिराप्पा काठी टाकून तिच्याकडं धावत आला. मग म्हणाला, "समदं?"

"खालचा कोपरा अंकुशरावाला गेला."

"तिथली माती भारी हाय," तो सावकाश म्हणाला. "जवारी यील तिथं. जाऊ दे." आणि एकाएकी त्यानं पटका वर उडवला, शिवाप्पाला धरून गरागरा फिरवला, ढोल ओढून गळ्यात अडकवला आणि वाजवत वाजवत गावाच्या वाटेला लागला. मेंढ्या, बायको, आमची गाडी, सगळं मागं टाकून! माझे मालक हसून हसून कासरा सोडून बसले.

थोडं पुढं जाऊन तो थांबला. वळला. तोंड कसनुसं करून परत आला.

"अक्का, मला येता येत न्हाई," तो मला म्हणाला. "आज रातीला ह्या मालकाच्या रानात मेंढ्या बसवायचा शब्द दिलाय. त्येचं रान नांगरून तयार हाय."

"मग?" मी म्हटलं.

"मग बसवतो." त्यानं ढोल खाली ठेवला, पण बोटं चामड्यावर वाजतच होती. अनसाबाईनं गाडीतून आपलं गाठोडं उतरवून घेतलं, घोंगडी झटकली आणि ती शिवाप्पाबरोबर मेंढ्या वळवायला गेली.